बाबांनाच लागू पडणारा फिल्टर

"गाडी पेट्रोल पीत नाहीये बाबा, ढोसतेय," मुलगा म्हणाला.

बाबा सफरचंद सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली, प्रसन्न हसले आणि एक फोड त्याच्यापुढे धरली. मुलाला वाटलं, बाबा विषय टाळताहेत. सुनेला वाटलं, बाबांना लागलंय पण ते दाखवत नाहीत. दोघांनीही आपापल्या समजुतीवर विश्वास ठेवला. माणसाचं असंच असतं. समोरच्याच्या मनात काय आहे ते आपण विचारत नाही, आपलंच मन त्याच्या तोंडी घालतो आणि मग म्हणतो, बघा, हा असं म्हणाला.

तर आधी गाडीचं ऐका.

गाडी छोटी, पाच गिअरची, नवी म्हणावी तर नवी नाही, जुनी म्हणावी तर जुनीही नाही. बाबांनी उभी हयात शहरातल्या बसगाड्या चालवल्या आणि निवृत्त झाल्यावर ही घेतली. डेपोत त्यांना सगळे 'गवई' म्हणत. गाणं त्यांना येत नव्हतं, पण गिअर बदलताना ते कधी काट्याकडे बघत नसत. इंजिनाचा सूर चढत चढत एका जागी येतो, गाणाऱ्याचा आवाज समेच्या आधी भरून येतो तसा, आणि नेमका तिथे गिअर टाकला की गाडी पुढचं पद आपणहून उचलते, असं ते नव्या ड्रायव्हरांना सांगायचे. नवे ड्रायव्हर तोंड फिरवून हसायचे. पण महिनाअखेर सगळ्यात कमी डिझेल गवयाच्याच बसला लागलेलं निघायचं, तेव्हा हसणं आपोआप बंद व्हायचं.

आता ही गाडी रोज सकाळी एकाच कामाला निघे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला बाबांची थोरली बहीण, अक्का, एकटी राहत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती पलंगावरून उठलेली नव्हती. दुपारनंतर एक बाई यायची. सकाळ मात्र बाबांची. जाऊन खिडकी उघडायची, उशा नीट लावायच्या, चहा करायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं आणि मग दोघांनी मिळून जगाला नावं ठेवायची. बसने जायचं तर मध्ये बस बदलावी लागे आणि शेवटी लांबलचक चढ. त्या चढापुढे बाबांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. म्हणजे गाडी गेली की अक्काची सकाळ गेली. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

मुलगा शेवटी बोलला. "वर्षापूर्वी एका टाकीत जेवढी जायची, त्याच्या पाऊणपटसुद्धा जात नाही. मिस्त्रीने सगळं उघडून बघितलं, त्याला काही सापडत नाही. उद्या ही मोठ्या खर्चात पाडणार. त्यापेक्षा विकून टाकू. आत्याकडे आठवड्यातून दोनदा टॅक्सीने जा."

हे मात्र तो बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी तोंडासमोर बसून बोलला.

"दोनदा?" बाबा म्हणाले. "आणि बाकीचे दिवस तिने काय भिंतीशी भांडायचं?"

रविवारी जावई आला. जावई गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात विक्रीला होता आणि त्याचा आवाज असा की शेजारच्या इमारतीतल्या माणसालाही स्पार्क प्लग घ्यावासा वाटावा. त्याला बाबांचा मनापासून लळा होता. सासऱ्यांचं दुःख कळताच तो एक खोकं घेऊनच आला. खोक्यावर वर जाणारा बाण होता आणि आत लाल रंगाचा, जाळीचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर होता.

"बाबा, तुमच्या गाडीला दमा झालाय," जावई म्हणाला. "कंपनीचा तो कागदी फिल्टर म्हणजे नाकावर उशी. हा लावा. मोकळा श्वास घेऊ द्या बिचारीला. अॅव्हरेज वाढलं नाही तर मी मिशा काढीन."

"तुम्हाला मिशा नाहीत, जावईबापू," सून म्हणाली.

"मग वाढवीन, वहिनी."

कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिस्त्रीने खोकं उलटंसुलटं करून बघितलं. मिस्त्री शांत माणूस. हात पुसत म्हणाला, "लावायचा तर लावतो. पण यानं पेट्रोल वाचणार नाही. कार्बोरेटरच्या जमान्यात थोडंफार खरं होतं. हिच्यात आत येणारी हवा मोजायला सेन्सर आहे. हवा कमी आली की पेट्रोल कमी सोडतो, जास्त आली की जास्त. फिल्टर चोंदला तर गाडी चढावर रडेल, पण जास्त पिणार नाही."

"मग खोक्यावर काय उगाच छापलंय?" जावई म्हणाला.

"खोकं कागदाचं असतं. कागद बिचारा काहीही सोसतो."

"आणि लोक परत परत येऊन घेतात ते?"

"लोक माझ्याकडेही परत परत येतात," मिस्त्री म्हणाला, "म्हणून काय मी दर वेळी बरोबर असतो?"

जावयाने खोकं त्याच्यापुढे सरकवलं. मिस्त्रीने जुना फिल्टर त्याच्या काळ्या डब्यासकट काढला आणि तिथे तो लाल शंकू उघडाच बसवला. "आवाज करेल हां," त्याने बजावलं. "तो डबा आवाज दाबायलाच असतो."

सून शाळेत विज्ञान शिकवायची. तिने तोडगा काढला. शाळेला सुट्टी लागेपर्यंत गाडी या फिल्टरवर चालवून बघायची. तोवर अॅव्हरेज पूर्वीसारखं झालं तर गाडी राहील, नाहीतर विकायची. मुलगा कबूल झाला. बाबाही कबूल झाले. पण त्या रात्री झोपण्याआधी त्यांनी देवापुढे हात जोडले तेव्हा त्यांना कळेना, की एका फिल्टरसाठी देवाला साकडं घालावं की नाही. शेवटी ते म्हणाले, "तुला कळतं ते कर," आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली ती गुरगुरतच. पायाने जोर दिला की समोरून असा घोगरा हुंकार यायचा, जणू बॉनेटखाली कोणी पोट भरून श्वास घेतंय. शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाबांचा चेहरा मात्र उजळला. अक्काकडून परत आले ते पायऱ्या चढतानाच सांगत आले, "सूनबाई, गाडीत जीव आला. वर्षभर मुकी झाली होती. आता बोलतेय."

आणि अॅव्हरेज वाढलं.

थोडंथोडकं नाही. पहिल्या टाकीलाच पूर्वीच्या जवळ आलं आणि दुसऱ्या टाकीला पूर्वीइतकं झालं. जावई येऊन सोफ्यावर असा बसला, जणू फिल्टर त्यानेच विणलाय. मुलगा गप्प झाला, कारण हिशेब त्याचाच होता. सून मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने टायरची हवा बघितली, प्लग बघितले, पेट्रोल पंप बदलला का ते विचारलं, मग चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

"असं होत नाही," तो म्हणाला.

"झालंय ना पण."

"झालंय खरं. पण होत नाही."

सुनेला यातलं कुठलं वाक्य खरं मानावं ते कळेना. वर्गात ती मुलांना सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा म्हणजे कारण सापडतं. इथे बदललं होतं ते एकच, फिल्टर. म्हणजे कारण फिल्टर. पण मिस्त्रीचं बोलणंही कुठे चुकत नव्हतं. हवा वाढली तर पेट्रोलही वाढणार. मग वाचलं कुठून?

तिने ठरवलं, आता उलट करून बघू. त्या फिल्टरला मधूनमधून धुवावं लागे. धुवायचा, सावलीत वाळवायचा, वरून तेल द्यायचं. तेच निमित्त झालं. मिस्त्रीने लाल शंकू काढून घेतला आणि काळा डबा तात्पुरता परत बसवला. त्याच सुमारास मुलाला कामासाठी गावाबाहेर फिरावं लागलं आणि गाडी तो घेऊन गेला. येताना टाकी भरून हिशेब केला. अॅव्हरेज उत्तम. जुन्या फिल्टरवरही उत्तम.

"म्हणजे फिल्टरचा संबंधच नाही," मुलगा म्हणाला.

"इंजिनाला सवय लागते," जावई म्हणाला. "एकदा मोकळा श्वास घ्यायला शिकलं की ते विसरत नाही."

"जावईबापू, इंजिन आहे, पोहणं नाही."

मग परत बाबा चालवायला लागले, त्याच काळ्या डब्यावर. आणि अॅव्हरेज धाडकन पडलं. पुन्हा पहिल्यासारखं.

आता मात्र सगळेच चक्रावले. मुलाच्या हातात लाल फिल्टर नसतानाही गाडी शहाणी. बाबांच्या हातात लाल फिल्टर असला की शहाणी, नसला की उधळी. घरात चहाच्या वेळी रोज नवा सिद्धांत निघू लागला. मुलगा म्हणाला, गावाबाहेरचा रस्ता मोकळा म्हणून माझं जास्त आलं. सून म्हणाली, मग लाल फिल्टर लावून बाबांचं गावातच कसं वाढलं? जावई म्हणाला, फिल्टरला माणूस ओळखता येतो. हे तो गमतीने म्हणाला, पण थोड्या वेळाने त्याला स्वतःलाच ते पटायला लागलं आणि तो जरा घाबरला.

सगळ्यात गोंधळले बाबा. गोंधळले आणि आतून दुखावलेही. जावयाच्या बोलण्यातून त्यांना एवढं उमगलं होतं की पोराच्या हातात गाडी कमी पिते आणि आपल्या हातात जास्त. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना डिझेल वाचवायला शिकवलं, त्याला हे ऐकावं लागलं. ते आणखी जपून चालवू लागले, पाय अगदी हलका ठेवून, हळू हळू. आणि काय सांगावं, अॅव्हरेज आणखी घसरलं. भल्या माणसाने चांगलं करायला जावं आणि वाईटच हातून घडावं, तशी गत.

"दोष माझ्यातच असेल," एके संध्याकाळी ते सुनेला म्हणाले. "पण कुठे आहे ते दाखव. मी पाय कापून देईन, पण आधी दाखव तरी."

"असं बोलू नका, बाबा."

"हो, हो," बाबा म्हणाले आणि हसले.

सुनेला ते 'हो, हो' खटकलं. का खटकलं ते मात्र कळलं नाही.

शाळेला सुट्टी लागली. ठरल्याप्रमाणे मुलाने गाडीचा फोटो काढून विकायला टाकला आणि एका माणसाने संध्याकाळी बघायला येतो म्हणून कळवलं. लाल फिल्टर धुऊन, वाळून गॅरेजात पडून होता. आता तो परत लावण्यात कोणालाच अर्थ वाटत नव्हता. सून सकाळी तयार होऊन खाली आली आणि बाबांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

"आज मीही येते. आत्यांना भेटून खूप दिवस झाले."

बाबांनी गाडी काढली. गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. बाबांनी दुसरा गिअर टाकला आणि पाय हळूच दाबला. इंजिन चढू लागलं. सूर वर गेला, आणखी वर गेला. सुनेचा स्वतःचा पाय नकळत क्लच शोधू लागला. इंजिन आता केविलवाणं ओरडत होतं, किल्ली फिरवून सोडलेल्या खेळण्यासारखं. बाबा मात्र समोर शांत नजर लावून, मान किंचित कलती करून बसले होते. कोणाची तरी वाट बघत असावेत तसे.

"बाबा, गिअर," ती न राहवून जोरात म्हणाली.

"थांब, अजून सूर आला नाही," बाबा म्हणाले.

तिने खिडकीची काच वर केली. बाहेरचा गलका बंद झाला आणि गाडीत फक्त ते ओरडणारं इंजिन राहिलं. मग पुष्कळ वेळाने, कुठूनसा काहीतरी सुगावा लागल्यासारखा, बाबांनी तिसरा टाकला. त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. त्यांच्या लेखी गिअर वेळेवर पडला होता.

ती समोर बघत, ओठ फारसे न हलवता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या खिशाला आग लागलीये."

बाबा रस्ता बघत राहिले.

"बाबा, मागून हत्ती येतोय."

बाबांनी आरशात बघितलं, पण ते वळायचं होतं म्हणून. आणि त्याच वेळी मागून, आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यातून, एका सायकलवाल्या मुलीने घंटी वाजवली, पुन्हा वाजवली, आणि बाबा वळले. मुलीने ब्रेक मारला, एक पाय जमिनीला टेकवला आणि गाडीकडे डोळे मोठे करून बघितलं. बाबांना यातलं काहीच कळलं नाही.

आता तिला सगळं समजलं होतं आणि तरीही काय करावं ते समजेना. बाबांना ऐकू येत नाही, म्हणून ते सुराची वाट बघत खालच्या गिअरमध्ये रेंगाळतात, पाय हलका ठेवला तर आणखीच, म्हणून पेट्रोल जातं. तो लाल फिल्टर पेट्रोल वाचवत नव्हता. तो नुसता बोंबलत होता, आणि बाबांना तेवढं ऐकू येत होतं. कोडं सुटलं. पण हे घरी सांगितलं तर गाडी विकायला आता पेट्रोलचं कारणही लागणार नाही. न सांगावं, लाल फिल्टर गुपचूप परत बसवावा, तर अॅव्हरेज वाढेल, गाडी राहील, अक्काची सकाळ राहील. आणि त्या सायकलवाल्या मुलीचं काय? फिल्टर इंजिनाचा आवाज वाढवतो, घंटीचा नाही. सून चढ संपेपर्यंत देवाचं नाव घेत बसली. मागायचं काय, तेच मात्र ठरेना.

अक्का उशांना टेकून बसली होती. शरीर पलंगाला खिळलेलं, पण जीभ अजून नोकरीत असल्यासारखी.

"आलीस का गं? बरं झालं. आता जरा माणसाशी बोलते," अक्का म्हणाली. बाबा आत चहा ठेवायला गेले होते. "हा येतो तो नुसता येतो. मी काहीही म्हटलं की 'हो, हो'. परवा म्हटलं, मी मेले की काय करशील रे? तर म्हणतो, हो, हो, छान होईल."

सून हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"हसू नकोस. मला वाटलं, कंटाळला. रोज रोज म्हातारीचं रडगाणं कोण ऐकणार? म्हणून मीच बोलणं कमी केलं गेलं वर्षभर. म्हटलं, येतो तर आहे, तेवढं पुरे. उगाच बोलून तेही बंद पडायचं."

"आत्या, ते कंटाळले नाहीत," सून म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाहीये."

आतून कपबशीचा आवाज आला. "अगं बाई," अक्का हळूच म्हणाली. "आणि मी रुसून बसले."

बाबा चहाचे कप घेऊन आले. सुनेने त्यांच्या हातातला ट्रे घेतला, त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसली आणि त्यांचे दोन्ही हात धरून, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सगळं सांगितलं. गिअरचं सांगितलं. फिल्टरचं सांगितलं. सायकलवाल्या मुलीचंही सांगितलं.

बाबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा.

"म्हणजे तो फिल्टर चांगला की वाईट?"

"कळत नाही, बाबा."

"जावईबापू खरे निघाले?"

"नाही. फिल्टरने पेट्रोल वाचत नाही."

"मग मिस्त्री खरा?"

"हो. पण लावल्यावर वाचलं तर खरंच."

"मग खोटं कोण?" बाबांनी अगदी निरागसपणे विचारलं.

अक्का म्हणाली, "खोटे आपण सगळे. तुझ्या कानांना सोडून जगाला दोष देत बसलो."

बाबांना हे ऐकू गेलं नाही. त्यांनी बहिणीकडे बघितलं, सवयीने "हो, हो" म्हणाले, आणि मध्येच थांबले. तो 'हो' त्यांच्या तोंडात तसाच राहिला. पहिल्यांदाच त्यांना कळलं की आपण न ऐकता म्हणतोय. त्यांनी मान खाली घातली. अक्काने हात लांबवून त्यांच्या कानाची पाळी धरली, लहानपणी धरायची तशी, आणि सोडली नाही.

निघताना बाबांनी किल्ली सुनेच्या हातात दिली. "तू चालव. वळताना मागे कोणी आहे की नाही ते मला आता कळणार नाही, आणि एकदा हे समजल्यावर मी कसा चालवू?"

घरी सांगायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. मुलगा कामावरून आला, तेव्हा ते जिन्याशीच उभे होते.

"गाडी विकू नकोस असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. पेट्रोल त्यातच जात होतं. फक्त तुझ्या आत्याकडे रोज जायचंय. ते कसं, तेवढं तू सांग."

मुलाने बायकोकडे बघितलं, तिने मान डोलावली. मग त्याला वर्षभरातले सगळे 'हो, हो' आठवू लागले आणि प्रत्येक वेळी आपण काय समजलो तेही आठवू लागलं. थोड्या वेळाने गाडी बघायला माणूस आला. मुलाने त्याला दारातूनच सांगितलं, गाडी द्यायची नाही. माणसाने विचारलं, का, काही दोष आहे का? मुलगा म्हणाला, "होता. गाडीत नव्हता."

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मशीन लावावं लागेल, आणि मशीनची सवय होऊन पुन्हा तपासणी होईपर्यंत गाडी चालवायची नाही, पुढचं पुढे. बाबांनी ते लेखी मागून घेतलं, कारण ऐकलेल्यावर त्यांचा आता भरवसा नव्हता.

जावयाचं मात्र काही केल्या समाधान होईना. सुनेने त्याला सगळी हकिकत दोनदा समजावली. तो सद्गदित झाला, सासऱ्यांसाठी त्याने डोळेही पुसले, पण दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचं ते सोडलं नाही: माझ्या सासऱ्यांच्या गाडीचं अॅव्हरेज या फिल्टरने वाढलं.

"जावईबापू, असं सांगू नका हो."

"वहिनी, यात खोटा शब्द कुठला?"

सुनेने पुष्कळ विचार केला. शब्द एकही खोटा नव्हता. सगळे मिळून मात्र खोटे होत होते, आणि ते कसं, हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. "मग निदान असं सांगा की सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. जावयाने तसं सांगून बघितलं. गिऱ्हाईक म्हणालं, मग फिल्टर कशाला, कानाचं मशीन द्या.

सुट्टी संपली की सुनेची शाळा भल्या सकाळी, म्हणून सगळं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच बाबांना सोडायचं मुलाने स्वतःवर घेतलं होतं. तो उठेल यावर घरात कोणाचा विश्वास नव्हता. पहिल्या दिवशी उठला तर त्याचा स्वतःचाही बसेना. गाडीत काळा डबाच होता. बाबा शेजारी बसले. मशीन अजून यायचं होतं. मुलाने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तसा बाबांनी आपला हात अलगद त्याच्या हातावर ठेवला. मुलाने तो तसाच राहू दिला. गाडी निघाली, दांडा त्या दोन तळव्यांखाली थरथरू लागला. थरथर बारीक झाली आणि बाबांचा हात किंचित दाबला गेला. मुलाने गिअर बदलला. पुढच्या चौकात बाबांनी जरा लवकर दाबला, गाडी गचकली, बाबा म्हणाले, "चुकलं." चढावर मात्र बरोबर जमलं. म्हणजे जमलं असं मुलाला वाटलं. आपण आपणहून बदलला की बाबांनी बदलायला लावला, हे त्याला सांगता आलं नसतं.

अक्काने दोघांना आत येताना बघितलं. मुलाला तिने चहाला पिटाळलं आणि भावाला पलंगाच्या कडेवर, आपल्या तोंडाजवळ बसवून घेतलं.

"आता नीट ऐक," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या घरातल्या बाईने खिडकीत येऊन बघितलं. "वर्षभराचं बोलायचं राहिलंय. पहिल्यापासून सांगते."

"सांग," बाबा म्हणाले.

मुलगा चहा घेऊन आला. त्याला कामावर उशीर होत होता, आणि अक्काचा अजून पहिला महिनाही संपला नव्हता. तो खुर्ची ओढून बसला.